१९५१ ची शेव्हरोले ३१००: पावतीवर एक नंबर, पाटीवर दुसरा. टायटलसाठी कोणता?

तुमच्या प्रश्नातली अडचण मला समजली ती अशी. टेक्ससमधल्या एका रँचच्या लिलावात १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप घेतली. टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी दाखला) नाही, हातात विक्रीचा कागद आणि जुन्या मालकाच्या काळातली नोंदणीची पावती. पावतीवरचा नंबर 'जे' अक्षराने सुरू होतो, दाराच्या खांबावरच्या पाटीवरचा नंबर ५ ने. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नोंदणी खिडकीवरून 'नंबर जुळत नाही' म्हणून परत पाठवलं, आणि चॅसीवर कुठेच काही दिसत नाही.

घाबरू नका, गाडी चोरीची असण्यापेक्षा दुसरीच शक्यता कितीतरी जास्त आहे. पावतीवरचा नंबर इंजिनाचा असणार. त्या काळात अमेरिकेतली कित्येक राज्यं गाडीची नोंद इंजिन नंबरावरच करायची. शेव्हरोलेच्या त्या वर्षांतल्या गाडीच्या नंबरात पहिला आकडा कारखान्याचा असतो, इंजिन नंबराची सुरुवात मात्र अक्षराने होते. १९५१ च्या इंजिनांना 'जे' होतं. म्हणजे तुमच्याकडचे दोन्ही नंबर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, फक्त ते दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत.

आधी पाटी वाचू. तुम्ही लिहिलंय की ती ५-जे-पी-डी ने सुरू होते. ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, 'जे' म्हणजे १९५१, 'पी' म्हणजे अर्ध्या टनाची ३१०० मालिका, 'डी' म्हणजे चौथा महिना, एप्रिल. पुढचे आकडे त्या कारखान्याचा क्रम, आणि तो १००१ पासून सुरू व्हायचा. आदल्या वर्षीच्या गाडीला 'एच-पी' असतं, नंतरच्या १९५२ च्या गाडीला 'के-पी'. १९५३ मध्ये पद्धतच बदलली, 'एच५३' असं वर्ष सरळ आकड्यांत आलं आणि कारखान्याचं अक्षर त्याच्यामागे गेलं. हे पाठ करून ठेवा, कारण खिडकीपलीकडच्या माणसाने फक्त सतरा अक्षरांचे नंबर पाहिलेले असतात. सतरा अक्षरं १९८१ च्या मॉडेलपासून आली. तुमचा नंबर लहान आहे म्हणून तो अर्धवट आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, आणि फॉर्ममधली उरलेली घरं भरायला पुढे शून्यं तर अजिबात लावू नका. त्या शून्यांसकट टायटल छापून आलं की पुढची विक्री अडते.

आता इंजिन. सहा सिलिंडरच्या २१६ किंवा २३५ घन इंचांच्या इंजिनावर नंबर उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरच्या मागे ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर) एक सपाट, घासलेली जागा असते तिथे ठोकलेला असतो. डावी-उजवी सगळीकडे ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना धरायची. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो हे आपल्या डोक्यात शिरायला वेळ लागतो, आणि निम्मे लोक चुकीच्या बाजूला खरवडत बसतात. तिथला तेल-मातीचा थर केरोसीनने पुसा आणि पावतीशी ताडून बघा. जुळला तर तुमची पावती एकदम किमती झाली, कारण तिने गाडी आणि जुना मालक यांना जोडलं. नाही जुळला तर इंजिन मधल्या काळात बदललंय, आणि शेतावरच्या सत्तर वर्षं जुन्या गाडीत त्यात नवल काहीच नाही. जागा कोरीच निघाली तर बहुधा सुटा, बदलीसाठी आलेला ब्लॉक बसवलाय.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ब्लॉकवर उठावाचे सात आकडे दिसतात आणि लोक तोच नंबर म्हणून लिहून आणतात. तो ओतकामाचा नंबर. त्या साच्यातून निघालेल्या हजारो इंजिनांवर तोच असतो. ओतीव आकडे वर आलेले असतात, ठोकलेले आत गेलेले. बोट फिरवलं तरी कळतं. त्याच्या आसपास ओतल्याची तारीखही असते, महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. टायटलला तिचा उपयोग नाही, पण इंजिन गाडीच्या वयाचं आहे का ते लगेच समजतं.

आता चॅसी, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. शेव्हरोलेने त्या वर्षांत नंबर चॅसीच्या डाव्या लांब मेंबरच्या, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या तुळईच्या, वरच्या पृष्ठभागावर ठोकला. बाजूला नाही, वर. त्यामुळे गाडीखाली आडवं पडून तो कधीच दिसत नाही. कॅबच्या आसपासच्या पट्ट्यात शोधा. काही भाग कॅबच्या तळाखाली जातो, तिथे हात शिरतो पण डोळा शिरत नाही. केबलच्या टोकाला छोटा कॅमेरा असतो तो मोबाइलला जोडून आत सारा, किंवा लांब दांड्याचा आरसा घ्या. आरशात आकडे उलटे दिसतील, फोटो काढून मोबाइलवर उलटवा.

खरवडायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण ठसा उथळ असतो. ग्राइंडर नको, फ्लॅप डिस्क नको, आणि चॅसी सँडब्लास्टिंगला तर नंबर सापडेपर्यंत मुळीच पाठवू नका. रंग काढायचं द्रव लावून थर मऊ होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने काढा, मग हाताने पितळी ब्रश. गंज जाड असेल तर गंज विरघळवणाऱ्या द्रवात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवून द्या. नंतर अंधार करून बॅटरी जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवी धरा. सरळ उजेडात सपाट दिसणारा पत्रा आडव्या उजेडात आकडे दाखवतो. खडू चोळून वरचा पुसला की आत राहिलेल्या पांढऱ्या रेघा फोटोत छान येतात. आणि आपल्याकडे आरटीओचा एजंट चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो ना, ती युक्ती इथेही मस्त चालते. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. तपासायला येणाऱ्या पोलिसाला असा छाप देऊन बघा, त्याचं काम सोपं होतं आणि तोही जरा सैलावतो.

वाचताना ५ आणि एस, ८ आणि बी, ६ आणि जी यांची अदलाबदल धरूनच चला. दारावरची पाटी समोर असल्यामुळे एक-दोन अक्षरं लागली तरी बाकीचं जुळवता येतं. पण पाटीवरून 'असेल' असं धरून न दिसलेलं अक्षर लिहू नका. जे दिसतंय तेवढंच.

हा धागा पुढे फोर्डवाले पण शोधत येतील म्हणून थोडक्यात. १९४८ पासूनच्या एफ-१ पिकअपमध्ये चॅसीचा नंबर उजव्या मेंबरच्या वर, पुढच्या भागात असतो, आणि पाटी ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत. त्याआधीच्या व्ही-८ फोर्डमध्ये तो डाव्या मेंबरवर. त्या जुन्या व्ही-८ ची गंमत म्हणजे इंजिन ब्लॉकवर नंबरच नाही, तो गिअरबॉक्सच्या पुढच्या क्लच हाउसिंगवर ठोकलेला. गिअरबॉक्स बदलला की कागदोपत्री 'इंजिन' बदललं! १९५१ च्या फोर्डचा नंबर एफ१आर१ असा सुरू झाला तर एफ-१, व्ही-८ इंजिन, १९५१. आर च्या जागी एच असेल तर सहा सिलिंडर. डॉजच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) सहा सिलिंडर इंजिनात इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात, हेडच्या खाली, जनरेटरच्या वर, आणि ट्रकच्या इंजिनाला सुरुवातीला 'टी'. इंटरनॅशनल हार्वेस्टरवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांच्या प्रत्येक गाडीचं कारखान्यातलं बांधणीपत्रक असायचं, त्यात इंजिनापासून ॲक्सलपर्यंत सगळं लिहिलेलं. कंपनीचा जुना दफ्तरखाना विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

आता ज्याच्यामुळे मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते. तुम्ही शेवटी विचारलंय की पाटी काढून, पॉलिश करून, नव्या रिव्हेटने परत लावू का. नका लावू. हातही लावू नका. कॅन्ससमध्ये एका माणसाने १९५९ ची कॉर्व्हेट विकत घेऊन २०१७ मध्ये नोंदणीला नेली. तपासणीत दिसलं की नंबराची पाटी आधीच्या डागडुजीत कोणीतरी काढून परत बसवलीय. गाडी चोरीची नव्हती, घेणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, तरी राज्याने गाडी जप्त केली आणि ती नष्ट करायची वेळ आली होती. वर्षानुवर्षं कोर्टात गेली, शेवटी २०२२ मध्ये कॅन्ससला जुन्या गाड्यांच्या डागडुजीसाठी कायदा बदलावा लागला. टेक्ससच्या वाहतूक संहितेच्या ५०१ व्या प्रकरणातही नंबरात फेरफार झालेली गाडी जप्त करायची तरतूद आहे. तुमची पाटी मळकट आहे ना? मळकटच शोभते. जुने रिव्हेट, त्यावरचा जुना रंग, हाच तुमचा पुरावा. इंटरनेटवर कोऱ्या पाट्या आणि अक्षरं ठोकायचे पंच सहज मिळतात. चॅसीवर नंबर सापडलाच नाही तरी तो आपल्या हाताने ठोकणं म्हणजे साध्या कागदी अडचणीचं फौजदारी प्रकरण करणं.

कागदांचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्यांदा पोलिसांकडून दोन्ही नंबर चोरीच्या राष्ट्रीय नोंदींत तपासून घ्या. इंटरनेटवरच्या गाडीचा इतिहास सांगणाऱ्या सेवा सतरा अक्षरांच्या गाड्यांसाठी आहेत, तुमच्या नंबराला त्या 'अवैध' म्हणतील, त्यावर पैसे घालवू नका. मग व्हीटीआर-६८-ए हा फॉर्म. त्यात प्रशिक्षित पोलीस अधिकारी स्वतः गाडी बघून नंबर लिहून देतो, तुम्ही भरायचा नाही. त्याला पाटी, चॅसी, इंजिन तिन्ही दाखवा आणि पावती पुढे ठेवा, म्हणजे 'जे'वाला नंबर इंजिनाचा हे त्याच्या नजरेसमोर होईल. चॅसी आणि पाटी जुळली की टायटल त्या नंबराने मागायचं. इंजिनाच्या नंबराने नाही, जुनी पावती काहीही म्हणो. इंजिन उद्या बदलेल, चॅसी बदलणार नाही.

जुन्या मालकाचे वारस सापडत असतील तर आधी त्यांच्याकडून जुनं टायटल किंवा सही मिळते का बघा, तो रस्ता स्वस्त. नाहीतर बॉण्डवरचं टायटल. राज्याच्या मोटार विभागाच्या प्रादेशिक कार्यालयात १५ डॉलर भरून अर्ज, मग गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या दीडपट रकमेचा जामीन-बॉण्ड. तेवढी रक्कम तुम्ही भरत नाही, बॉण्ड देणाऱ्या कंपनीला तिचा लहानसा भाग द्यायचा. तीन वर्षं कोणी दावा केला नाही की झालं. चॅसीवर खरोखरच काही उरलेलं नसेल तर राज्य स्वतः नंबर देऊ शकतं, पण तुमच्याकडे मूळ पाटी असताना तिथपर्यंत जावं लागू नये.

आणि कोणी 'व्हरमॉन्टमधून टपालाने नोंदणी करून घे' असं सुचवेल. ती वाट २०२३ मध्ये बाहेरच्या राज्यांतल्या लोकांसाठी जवळजवळ बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल मुळातच नसतं, नोंदणीच हस्तांतरित होते, पण तो नियम तिथल्यांसाठी, टेक्ससमध्ये तो दाखवून उपयोग नाही.

चॅसी साफ करण्याआधीचे, मधले आणि नंतरचे फोटो काढा, दारावरच्या पाटीचा रिव्हेटसकट जवळून एक फोटो काढा, आणि आकडे लागेनात तर इथे टाका. शेवटचे तीन आकडे झाकून टाका मात्र, तुमच्या नंबराची पाटी छापून घ्यायला टपलेले लोकही हे वाचतात.