कारल्याचा रस सुरू केलाय, गोळ्या बंद करू का?

प्रश्न : यजमान ५४ वर्षांचे, मधुमेह ८ वर्षांपासून. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम चालू आहे. महिनाभरापासून ते सकाळी कपभर कारल्याचा रस आणि जांभूळबियांची पूड घेतात. आता अकराच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम येतो. ते म्हणतात, रसाचा गुण आला. गोळ्या बंद कराव्यात का? (सिडको)

हा गुण नाही, साखर खाली जाते आहे असंच वाटतं. थरथर सुरू होताच ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यात ढवळून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या आतच असेल तर तेवढीच आणखी. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-साईमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आकडा सावरल्यावर पोळीभाजी खायला द्या, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरतं. एकट्या त्याने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यावर कारल्याची भर आणि नाश्त्याला उशीर. शिवाय रसात रोज किती अर्क उतरतो ते मोजता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना गोळीचा डोस त्याच्याशी जुळवता येत नाही. म्हणून आधी रस आणि पूड थांबवा. कारल्याची भाजी खुशाल खा. आठवडाभर उपाशीपोटी, अकरा वाजता आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायचीच झाली तर बहुधा ग्लिमेपिराइड आधी कमी होईल. पण ते त्यांनी ठरवायचं.

गोळ्या सुटतच नाहीत असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (२०१७) मधुमेह ६ वर्षांच्या आतला असलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीत ३ ते ५ महिने रोज सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांची साखर औषधाविना आटोक्यात होती. १५ किलो किंवा जास्त वजन घटवणाऱ्यांत तर ८६ टक्क्यांची. तुमच्याकडे आजार आठ वर्षांचा, त्यामुळे तेवढी खात्री देता येत नाही, पण पोटाचा घेर उतरला की गोळ्यांचा डोसही उतरू शकतो. रविवारची मिसळ सोडायला सांगत नाही. मटकी बिचारी निर्दोष आहे. फरसाण आणि दुसरा पाव घात करतात.

आणखी एक. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, शाकाहारी घरात तर लवकर. पायाला मुंग्या येत असतील तर सगळा दोष मधुमेहाला देण्याआधी बी-१२ तपासून घ्या.

प्रश्न : थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज न चुकता घेते, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढणारा रक्ततपासणीतला आकडा) ९ च्या खाली येत नाही. गोळी सकाळच्या चहासोबत घेते, लगेच कॅल्शियम आणि ज्येष्ठमधाचा काढा. (नाशिकरोड)

डोस वाढवण्याआधी वेळ बदला. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतरच, नाहीतर त्या थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर ठेवलंत की प्रश्न मिटतो. टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी करा. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून काही ठरत नाही. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. खोकल्यापुरता चार-पाच दिवस ठीक, पण रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेवढाही नको. अश्वगंधा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिने थायरॉइडचे आकडे हलतात.

प्रश्न : बाग घरचीच आहे. मधुमेहात द्राक्षं चालतात का? (निफाड)

साखर आटोक्यात असेल तर १०-१२ मणी, जेवणानंतर, चावून. रस नको. बेदाण्यांना जपून हात लावा: चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे छोटी मूठ खाल्ली तरी पाव घड पोटात गेलेला असतो.