जन्मापासून ख्रिस्ती आहे, पण विश्वास जिवंत वाटत नाही. रोजच्या जगण्यात तो कसा वाढवावा?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहे, संकेश्वरहून रोज बसने बेळगावला कामाला येता, रविवारची उपासना चुकत नाही, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भागही देता. तरी प्रार्थनेला बसलं की ऐकणारं कुणी समोर आहे असं वाटत नाही. मी पाळक (पाद्री) नाही. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळा (बायबलचा वर्ग) घेतो. पण हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. तुम्हाला ही उणीव जाणवते याचा अर्थ तुमचा विश्वास मेलाय असा नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या विदुषी बाई, विचार केल्याशिवाय पाऊल उचलणाऱ्या नव्हेत. आणि तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला काय कळलं ते त्यांनी सांगून ठेवलंय: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. तोवर १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन सुरूही केलं होतं, म्हणजे सेवा चालू होती, त्याग चालू होता. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. एवढ्या जणींना रोज काय खायला घालायचं हा प्रश्न त्या देवापुढे मांडत गेल्या. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की त्यांचा भरवसा नुसत्या अभ्यासातून वाढला नाही. खरोखरची गरज दारात उभी होती, आणि ती त्यांनी देवाकडे नेली, तिथं तो वाढला.

आपल्या भागात सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, येऊन दोनशे वर्षं होऊन गेली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना मंडळी, गीतं, नाताळ, कापणीचा सण हे सगळं आयतं मिळालं. हा मोठा ठेवा आहे आणि त्याबद्दल मी देवाचे उपकार मानतो. भरवसा मात्र आजोबांनी टाकला म्हणून नातवाचा होत नाही.

मग टाकायचा कसा? मला बायबलमधल्या निर्गमाचा १६ वा अध्याय फार उपयोगी पडलाय. अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं ते त्या दिवसापुरतं, माणशी एक ओमर (त्या काळचं माप). ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायची मुभा होती. प्रभूनेही आपल्याला रोजची भाकर आज मागायला शिकवलं. आपण मात्र प्रार्थनेत सगळ्या जगाची शांती, सगळ्या आजाऱ्यांचं बरं होणं, सगळ्या मिशन कार्याची भरभराट मागतो आणि आज अकरा वाजता साहेबासमोर काय बोलायचं ते मात्र मागत नाही. त्या मोठ्या गोष्टीही मागाव्यात. पण त्यांचं उत्तर संध्याकाळी घरी येऊन तपासता येत नाही, म्हणून त्यांतून ओळख वाढत नाही. सकाळी निघताना आजची एकच गोष्ट नाव घेऊन देवाकडे द्या. रात्री तिचं काय झालं ते त्याच्याशीच बोला, मनासारखं झालं नसलं तरी.

आणि बोलताना घरातली भाषा वापरा. आपण सीमेवरची माणसं, बोलता बोलता मराठीत कन्नड कधी मिसळतं ते कळतही नाही. पण डोळे मिटले की तोंडून व्यासपीठावरची भाषा येते. मी कामावर जाताना सरळ म्हणतो, "प्रभू, आज जायचं अगदी जिवावर आलंय बघ. तू बरोबर चल." त्याला हे चालतं. बायबलमधली स्तोत्रं वाचून बघा, तिथं माणसं याहून कितीतरी मोकळं बोललीत.

दुसरी गोष्ट आज्ञापालनाची. हिच्याशिवाय पहिली टिकत नाही. मार्चअखेरची गोष्ट. डिस्पॅचची घाई होती आणि एका लॉटमधले काही जॉब (सुटे भाग) बोअरला, म्हणजे भोकाच्या मापात, दोन शतांश मिलिमीटर मोठे निघाले. गेज पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा घातला, काटा तिथंच. सुपरवायझर मागे उभा. म्हणाला, "पास कर की, कोण बघतंय?" सकाळीच मी प्रार्थनेत म्हटलं होतं की आज माझ्या हातून खरं काम होऊ दे. मी जॉबना लाल रंग लावला, बाजूला ठेवले, रजिस्टरमध्ये मिळालं तेच माप लिहिलं. त्या महिन्यात ओव्हरटाइमच्या यादीत माझं नाव आलं नाही, आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. शेवटी बायकोच्या भिशीचा नंबर लागला आणि फी भरली. मी याला चमत्कार म्हणत नाही. पण त्या महिन्यात पहिल्यांदा मला प्रार्थनेत खरोखर काही मागायचं होतं, कारण त्याचं ऐकल्यामुळेच मी अडचणीत आलो होतो. समोर कुणी आहे का, ही शंका तेव्हा मनात आलीच नाही. तुमच्या ऑफिसातही असं एखादं रजिस्टर असेल, एखादी सही असेल. तिथून सुरुवात करा.

मागितलं ते सगळं मिळतं असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीसाठी आम्ही रात्र रात्र प्रार्थना केल्या आणि ती गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मला एक वाक्य बोलता येत नव्हतं. तेव्हा मी ८८ वं स्तोत्र वाचायचो. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाने ते तक्रारीसकट ठेवून घेतलंय. त्या दिवसांत मंडळीतल्या बायका डब्यात आमटी-भात घेऊन यायच्या, बसायच्या आणि जाताना प्रार्थना करून जायच्या. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या तोंडी तोवर एक शब्दही नाही. म्हणून म्हणतो, एकट्याने झुंजत बसू नका. रविवारी उपासना संपली की लगेच गाडीला किक मारून जाऊ नका. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेला जा आणि मला हल्ली प्रार्थना जमत नाही असं निदान एका माणसाला तरी सांगा. मंडळीत हे बोलायला आपल्याला लाज वाटते. ती वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही हेही विचारलंय की रात्री इतकं थकायला होतं की शास्त्र उघडलं की झोप येते, हे पाप आहे का? नाही. एलीया संदेष्टा खचून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं. मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि बोलणं त्यानंतर झालं. रात्री झोपा. वाचन सकाळच्या बसमध्ये करा. मार्काचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्यायांचं आहे, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. संकेश्वर सुटल्यावर हत्तरगी येईपर्यंत एकच प्रसंग वाचा, पुढं काकतीपर्यंत त्यातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून प्रभूशी बोला. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप भेटेल. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तुम्हीच काय ते करा, असं तो येशूला रडून सांगतो. येशू त्याला परत पाठवत नाही, त्याचा मुलगा बरा करतो. तिथवर आलात की इथं खाली कळवा, पुढचं बोलू.