विषारी साप : ‘व्हेनमस’ की ‘पॉयझनस’?

प्रश्न : भाषांतराच्या तासाला ‘विषारी साप’ याचे इंग्रजी काही मुलांनी ‘पॉयझनस स्नेक’, तर काहींनी ‘व्हेनमस स्नेक’ असे लिहिले. या दोन विशेषणांत नेमका भेद कोणता, आणि पहिले उत्तर चूक धरावे काय?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : भेद आहे, मात्र तो विष किती जहाल आहे यावर नसून ते कोणत्या वाटेने शरीरात शिरते यावर ठरतो. दात, नांगी किंवा काटा यांच्या साहाय्याने जो प्राणी आपले विष दुसऱ्याच्या अंगात टोचतो, तो ‘व्हेनमस’. जे पोटात गेल्याने, श्वासावाटे किंवा त्वचेतून भिनल्याने बाधते, ते ‘पॉयझनस’. त्यामुळे नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि विंचू यांना पहिले विशेषण लागते, तर कण्हेर, धोतरा आणि जपानमधील फुगू मासा यांना दुसरे.

आपल्याकडचे एक सुरेख उदाहरण बिबळ्या कडवा या फुलपाखराचे आहे. त्याचा सुरवंट रुईची पाने खातो, त्या चिकातील विषद्रव्ये अंगात साठवतो आणि पंख फुटल्यावरही ती त्याच्या शरीरात राहतात. हे फुलपाखरू कोणालाही दंश करत नाही, पण ते खाणाऱ्या पक्ष्याला उलटी होऊ शकते आणि तो पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ‘पॉयझनस’ म्हणतात ते हेच.

सापाचे विष मुख्यतः प्रथिनांचे असल्याने ते पोटात गेले तर बहुधा पचून जाते, असे शास्त्र सांगते. परंतु तोंडात वा जठरात एखादी जखम असली तर ते थेट रक्तात मिसळू शकते, तेव्हा वर्गात हे सांगताना ही पुस्तीही अवश्य जोडावी. जपानमधील यामाकागाशी हा साप तर दोन्ही विशेषणांचा धनी आहे : त्याचा दंश विषारी असतोच, शिवाय खाल्लेल्या भेकांचे विष तो मानेवरील ग्रंथींत साठवून ठेवतो.

आता गुणांविषयी. रोजच्या इंग्रजीत ‘पॉयझनस स्नेक’ हा प्रयोग पूर्वीपासून रूढ असल्यामुळे भाषेच्या उत्तरपत्रिकेत तो चूक धरू नये, असे मला वाटते. जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मात्र मी अर्धा गुण कापेन, आणि विषारी अळंबीला कोणी ‘व्हेनमस मशरूम’ म्हटले, तर दोन्हीकडे.