आधी लग्नाचा दाखला, मग कबरीची जागा

प्रश्न: नऊ वर्षांपूर्वी पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली मी एका मेक्सिकन तरुणाशी लग्न केलं. तेव्हापासून आम्ही मेक्सिको सिटीत राहतो. मूलबाळ नाही. पतीचं आजारपण शेवटच्या टप्प्यावर आहे, उपचार घरीच चालू आहेत. रात्रभर घरी जागरण, मग ओआहाकातल्या गावी वडिलांच्या कबरीत दफन आणि पुढे नऊ दिवस प्रार्थना, अशी त्यांची इच्छा आहे. थोरले दीर म्हणतात, "तू परदेशी, निर्णय आम्ही घेऊ." हे खरं का?

उत्तर: ताई, दीर म्हणतात तसं नाही. मेक्सिकोच्या आरोग्य कायद्यानुसार मृतदेह कोणाच्याच मालकीचा नसतो. पुढचं ठरवणाऱ्या नातलगांत जोडीदाराचा क्रम पहिला. पण तुम्ही जोडीदार आहात हे तिथल्या दप्तरी दिसायला हवं. तुमच्या पत्रात कबरीबद्दल पुष्कळ आहे. लग्नाची नोंद मेक्सिकोत केली का, याबद्दल अवाक्षर नाही. मला काळजी तीच वाटते.

परदेशात लग्न केलेल्या मेक्सिकन माणसाने तिथे राहायला आल्यावर तीन महिन्यांत ते सिव्हिल रजिस्ट्रीत, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात, नोंदवायचं असतं. मुदत टळली तरी नोंद होते. पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडून दाखल्याची प्रमाणित प्रत, त्यावर राज्य शासनाचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का) आणि शेवटी मेक्सिकोतल्या अधिकृत अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर, एवढं लागेल. माहेरच्या कुणाला तरी आजच कामाला लावा.

पतीची इच्छा लेखी घ्या. मृत्युपत्रावर विसंबू नका, ते उघडेपर्यंत दफन होऊन गेलेलं असतं. नोटारियोला, म्हणजे दस्तऐवज अधिकृत करणाऱ्या तिथल्या कायदेतज्ज्ञाला, घरी बोलवा. (आपल्याकडचा कोर्टाच्या फाटकाशी बसणारा नोटरी डोळ्यांसमोर आणू नका, तिकडे हा वजनदार माणूस असतो.)

मृत्यूनंतर 48 तासांत दफन, दहन किंवा शवलेपन (मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया) व्हावं लागतं. शवलेपन केलंत तर जागरणाला आणि प्रवासाला सवड मिळेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. त्यांच्या दाखल्यावरच सिव्हिल रजिस्ट्री दफनाची परवानगी देते. दाखल्यावर सही करायला कोणी नसलं तर प्रकरण सरकारी वकिलांकडे जाऊ शकतं. ओआहाका वेगळं राज्य, तेव्हा आरोग्य खात्याची वाहतूक परवानगीही हवी; ती धावपळ फुनेरारियावाले, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे, करतात. प्रार्थनेसाठी जमिनीवर काढायचा चुन्याचा क्रूस, झेंडूची फुलं, रात्रभरची कॉफी यांत कायदा पडत नाही.

दिरांचा शब्द चालेल तो कबरीपाशी. वडिलांच्या कबरीचा कागद कोणाच्या नावावर आहे? हक्क कायमचा की मुदतीचा? कबर विकत घेतली म्हणतात तेव्हाही मिळतो तो फक्त वापराचा हक्क. शिवाय ओआहाकातल्या 570 पैकी चारशेहून अधिक नगरपालिकांचा कारभार गावच्या रूढींनी चालतो. शहरात गेलेल्या माणसाचं टेकियो, म्हणजे श्रमदान, किंवा वर्गणी बाकी असेल तर अशा गावात त्याचा हिशेब दफनाच्या वेळीच निघू शकतो. आधीच विचारा, बाकी चुकती करा, पावती आणि परवानगी लेखी घ्या.

कोर्टाचा हुकूम आणायला 48 तास पुरणार नाहीत, म्हणून दिरांशी वाकडं घेऊ नका. नवव्या दिवशी तो चुन्याचा क्रूस उचलायला मानकरी लागतात. ते कोण हे दिरांना ठरवू द्या, आणि त्याच बैठकीत कबरीचा कागद मागा.

पती तिथल्या सामाजिक विमा संस्थेत वर्गणीदार असतील तर अंत्यविधीच्या खर्चाला मदत मिळते. ती मृत्यूची नोंद आणि मूळ बिल सादर करणाऱ्याला देतात. बिल स्वतःपाशी ठेवा.