तांदळाच्या कोठीतली पट्टी

*ताई, मी निवृत्त शिक्षिका, वय 64, नागपूरच्या प्रतापनगरात राहते. मुलगा बुटीबोरीला नोकरीला आहे. चार वर्षं झाली, रोज पितो. क्वार्टर गाडीच्या डिक्कीत लपवतो आणि विचारलं की तोंड वर करून खोटं बोलतो. दिवाळीत टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली. दुसऱ्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो म्हणून रडला आणि संध्याकाळी पिऊन आला. मनाचा इतका कच्चा कसा निघाला? सून बिचारी गप्प असते. परवा मात्र चिन्नोर तांदूळ काढताना कोठीत तिच्या हाती माझ्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी लागली, तर माझ्यावरच वसकली. नातवाच्या हाती लागू नये म्हणून ठेवली होती हो. हे गेले तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी पॉइंट फाइव्ह मिलिग्रॅमची लिहून दिली होती. तेव्हा अर्धी पुरायची, आता दीड लागते. मध्ये कोपऱ्यावरचं मेडिकल दोन दिवस बंद होतं, तर अशक्तपणानं माझेच हात कापायला लागले, डोळ्याला डोळा नाही. गेल्या महिन्यात मोरीत पडले, मनगट अजून दुखतं. या मुलाला सरळ कसं करू?*
*– एक आई*

बाई, मुलाच्या दारूवर तुम्ही पानभर लिहिलंत आणि तांदळाच्या कोठीवर दोन ओळी. मी कोठीवरच बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या.

तुमची बीपीची गोळी कुठे असते? घेत असाल तर फ्रिजवर, नाहीतर टीव्हीजवळच्या डब्यात. नातवाच्या हाती लागली तर तीही धोक्याचीच, पण ती काही तुम्ही धान्यात पुरली नाही. आपल्या आज्या कोठीत काय ठेवायच्या ते आठवा. दुसऱ्या कोणाला दिसू नये आणि आपल्याला मात्र अंधारातही सापडावं, असंच काहीतरी. मुलाची डिक्की, तुमची कोठी. सून वसकली नाही, बाई. तिला एकाच घरात दोन जागा सापडल्या, म्हणून ती घाबरली.

आता हातांचं. मुलाचे हात थरथरले तर तो मनाचा कच्चा, आणि तुमचे कापले तर अशक्तपणा? तीस-पस्तीस वर्षं वह्या तपासल्या असतील तुम्ही. एकच उत्तर दोन पोरांनी लिहिलं आणि एकाला भोपळा, दुसऱ्याला पैकीच्या पैकी दिले, असं कधी केलंत का?

उत्तर खरोखर एकच आहे. गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण पॉइंट फाइव्ह म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम. ही गोळी आणि दारू मेंदूत एकाच ठिकाणी काम करतात. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर दोन्ही वाढवतात. म्हणून पहिल्यांदा छान वाटतं, डोळा लागतो. पण मेंदू काही मूर्ख नाही. रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक सैल सोडतो आणि अॅक्सिलरेटर वाढवतो. मग अर्धीची एक होते, एकीची दीड. आणि एखाद्या दिवशी बाहेरचा ब्रेक अचानक निघाला की गाडी उधळते. हात कापतात, घाम, धडधड, झोपेचा पत्ता नाही, काहींना थेट फिट येते. ग्लासातून घ्या की पट्टीतून, सुटतानाचा त्रास एकाच घराण्यातला.

आणि त्या शपथेबद्दल आत्ताच सांगून टाकते, कारण ती तुम्ही पुन्हा घालाल. गणपतीवर माझीही श्रद्धा आहे. पण चार वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू शपथेवर एका रात्रीत बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसायला लागतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. ही अवस्था दवाखान्यात सांभाळतात कशी, ठाऊक आहे? तुमच्याच गोळीच्या घराण्यातली औषधं मोजून देऊन, रोज कमी करत, सोबत बी-वन जीवनसत्त्व. दिवाळीत तो पिऊन आला याचं तुम्हाला वाईट वाटलं. त्या दोन दिवसांत त्याला फिट आली नाही, याचं मला बरं वाटलं.

"पण ते औषध आहे." हो, आहे. पंधरा दिवसांचं होतं. तुमचे हे गेल्यावर झोप उडणं, जेवण न जाणं, कशात मन न लागणं, यासाठी त्या डॉक्टरांनी हात दिला आणि पुढे परत या म्हटलं असेलच. तुम्ही परत गेलात ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे. त्या पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. चष्मा लावून एकदा वाचा. 2014 पासून ही गोळी एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, चिठ्ठीवर विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. तुमची नोंद त्यानं कोणत्या चिठ्ठीवर केली, विचारा त्याला. ओळखीचा आहे, "काकू" म्हणतो, म्हणून देतो. बारवालाही तुमच्या मुलाला "दादा" म्हणत असेल.

मोरीत पडलात ते फरशी ओली होती म्हणून, असंच तुम्ही धरून चालला असाल. साठीनंतर ही गोळी तोल घालवते, स्मरण पातळ करते. या वयात रात्री उठून पडणाऱ्या बायांची मांडीची हाडं मोडतात, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. तुमचं मनगटावर निभावलं.

तुम्हाला व्यसनी म्हणते का मी? म्हणा हवं तर. मला तो शब्द कोणाहीसाठी फारसा आवडत नाही, तुमच्या मुलासाठीही नाही. नवरा गेल्याचं दुःख अंगावर राहिलं, त्याच्यामागे कदाचित नैराश्य होतं, त्याकडे कोणी पाहिलंच नाही आणि त्याच्यावर एक पट्टी चिकटवली गेली. मुलाच्या क्वार्टरखाली काय आहे, मला माहीत नाही. त्याचा बापही त्याच दिवशी गेला होता, एवढं मात्र पत्र वाचताना लक्षात आलं. त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

तर ऐका. आज रात्री जेवणं झाल्यावर ती पट्टी काढा आणि सुनेच्या हातात द्या. मुलाच्या नाही, कारण दारूवर ही गोळी पडली तर श्वास मंदावतो आणि कधी कधी माणूस झोपेतून उठत नाही. सुनेच्या हातात. आणि तिला म्हणा, "त्या दिवशी मी खोटं बोलले." सासूच्या तोंडून हे निघणं किती जड आहे, ते मला कळतं. तरीही म्हणा. डॉक्टर भेटेपर्यंत ठरलेली गोळी तीच रोज देईल. लाजेपायी उद्यापासून एकदम बंद करू नका. तुमच्या मुलाबरोबर केलंत तेच स्वतःबरोबर करायचं नाही.

मग या सोमवारी मुलाला म्हणा, "मला मेडिकलला घेऊन चल." कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हे, मेडिकल चौकातल्या सरकारी रुग्णालयात. मानसोपचार विभागाचा केसपेपर तुमच्या नावानं काढायचा, त्याच्या नाही. ओपीडीत पट्टी दाखवा, खरा आकडा सांगा: दीड, आणि कधी दोन घेतल्या असतील तर दोन. ते ही गोळी दर काही आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतील, महिने लागतील, आणि मूळच्या झोपेचं, दुःखाचं काय करायचं तेही बघतील. हात का कापतात ते डॉक्टर तुम्हाला समजावतील, तेव्हा मुलगा शेजारच्या खुर्चीवर असेल. त्याला तेव्हा एक शब्द बोलू नका. खुणेनंसुद्धा नाही. मास्तरकीची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

लोक काय म्हणतील? आपल्या गावात पागलखाना चौक म्हटलं की अजून हसतात. ते मनोरुग्णालय 1864 पासून उभं आहे, म्हणजे हसणाऱ्यांच्या खापरपणज्याच्याही आधीपासून. हसू द्या. आणि सोमवार उजाडायच्या आधी एखाद्या रात्री तीनला उठून बसलात, तर 14416 फिरवा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. तेवढ्यासाठी दुसरी गोळी तोडायची नाही.

तोडण्यावरून आठवलं. दीड घेता म्हणजे एक दिवसाआड एक अर्धुक उरतं, आणि ते तुम्ही परत कोठीतच टाकत असाल. पट्टी दिल्यावर सगळा चिन्नोर परातीत ओता आणि सुनेला जवळ बसवून निवडा. गोळीचा बारीक तुकडा त्या तांदळात चटकन दिसत नाही, आणि भात नातूही खातो.