आधी बाजू ठरव

प्रिय,

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या एसीटी परीक्षेसाठीचा तुझा सरावनिबंध दोनदा वाचला. भाषा छान आहे. पण तुझं म्हणणं काय, ते शेवटच्या परिच्छेदात कळतं. सुरुवात कशी करू, असं विचारतोस. सुरुवातीचं राहू दे, आधी बाजू ठरव.

एकूण 40 मिनिटं असतात. त्यातली पहिली 8 निबंधाचं एकही वाक्य लिहायचं नाही. प्रश्नात एकाच विषयावरचे तीन दृष्टिकोन दिलेले असतात. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी टिप: तो काय गृहीत धरतो आणि कुठे लंगडा पडतो. मग तुझी बाजू एका वाक्यात लिही, त्यात 'कारण' हवंच. 'कारण'च्या पुढे पेन अडलं, तर बाजू ठरलेलीच नाही. ही मिनिटं वाया गेली असं तुला वाटतं. अरे, वाया जातात ती पुढची, निम्म्यावर मत फिरतं तेव्हाची!

तू तिन्ही दृष्टिकोनांना एकेक परिच्छेद वाटून देतोस आणि तिथेच बिघडतं. नुसते तीन सारांश होतात. मागितलेलं असतं ते तुझ्या मताचं किमान एका दृष्टिकोनाशी असलेलं नातं. एकच घे, पण त्याच्याशी नीट भांड. एका परिच्छेदात तुझं कारण आणि ठोस उदाहरण. पुढच्यात विरोधातला सगळ्यात जड मुद्दा: तो कुठवर खरा आणि कुठून पुढे टिकत नाही. 'यंत्रांमुळे समाज बदलतो' हे उदाहरण नव्हे. 'संगणकाने कर्ज नाकारलं, तर का ते विचारायला समोर माणूस नसतो' हे उदाहरण.

दोन परीक्षक विचार, विस्तार, मांडणी आणि भाषा या चारही अंगांना 1 ते 6 गुण देतात. भाषा त्यातलं एकच अंग, आणि तू सगळा जीव तिथेच ओततोस. मी एकाच गोष्टीवर अडून बसतो म्हणून मुलं वैतागतात. वैतागू देत. बाजू नसलेला निबंध सुंदर वाक्यांनी सावरत नाही, म्हणून अडतो.

एसएटी या तशाच दुसऱ्या प्रवेशपरीक्षेची जुनी पुस्तकं बाजूला ठेव. तिथला 2016 नंतरचा निबंध दुसऱ्याच्या लेखाचं विश्लेषण मागायचा. 2021 मध्ये तोही बहुतेक ठिकाणी बंद झाला.

तिसाव्या मिनिटाला मागे असशील तर नवा मुद्दा काढू नकोस, दोन वाक्यांत समारोप कर. शेवटची 4 मिनिटं परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं सलग वाच; बाजू पुढे सरकताना दिसली पाहिजे.

पुढच्या वेळी निबंध पाठवू नकोस. पहिल्या 8 मिनिटांचा कागद तेवढा पाठव.