थर्ड पर्सन गेममध्ये काही लोक कॅमेरा इन्व्हर्ट करून का खेळतात? रूममेटची ही सवय मोडता येईल का?

त्याचीच का मोडायची? तुमची का नको? तुम्ही लिहिलंय की दोघांत एकच पीएस फाइव्ह आहे आणि रूममेटनंतर कंट्रोलर हातात घेतला की कॅमेरा ‘चुकीच्या’ दिशेला जातो. (थर्ड पर्सन म्हणजे आपलं पात्र पाठमोरं समोर दिसतं तो गेम. इन्व्हर्ट म्हणजे उलटं: स्टिक किंवा माउस पुढे ढकलला की नजर खाली, मागे ओढला की वर.) त्या ‘चुकीच्या’साठीच लिहायला बसलोय. हा शब्द मी 2006 पासून ऐकतोय.

नेरूळला आमच्या सेक्टरमध्ये एक गेमिंग पार्लर होतं. शटरचा गाळा, आत आठ कॉम्प्युटर, गार वारा फक्त काउंटरवरच्या काकांना लागेल असा लावलेला एसी, तासाला वीस रुपये. माझी आठवी संपलेली, मे महिन्याची सुट्टी. मावसभाऊ चार वर्षांनी मोठा, त्यामुळे दादा म्हणेल ती पूर्व दिशा. ‘सॅन अँड्रियास’ हा थर्ड पर्सन गेम आम्ही एकाच सेव्हवर खेळायचो, अर्धा-अर्धा तास. मी बसलो की आधी सेटिंगमध्ये जाऊन माउस वर-खाली इन्व्हर्ट करायचो. दादा बसला की शिव्या घालत परत सरळ करायचा.

एकदा एक मिशन मी तिसऱ्या प्रयत्नात शेवटापर्यंत आणलं होतं. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती, मेलात की पुन्हा पहिल्यापासून. घसा कोरडा पडला म्हणून पॉज करून उठलो. माठ काउंटरपाशी होता. पेला विसळला, पाणी प्यायलो, येऊन बसलो, गेम चालू केला. समोर दोघं, एक वर गच्चीत. गच्चीतल्याला टिपायला माउस मागे ओढला, तर आमच्या हिरोने बंदूक रोखली स्वतःच्या बुटांपुढच्या डांबरावर. सावरायला आणखी मागे ओढला, नेम आणखी खाली. दोन सेकंदांत स्क्रीनवर ‘वेस्टेड’. मागे वळून पाहिलं तर दादा खुर्चीची पाठ धरून हसत होता. म्हणाला, “उलट्या खोपडीचा आहेस, नीट खेळायला शीक.” सगळं पार्लर हसलं. काकासुद्धा.

तेव्हा मला काही बोलता आलं नाही, कारण मी असा का खेळतो हे मलाच माहीत नव्हतं. ते कळलं त्याच सुट्टीत, कळंबोलीला. मामा न्हावा-शेव्याहून कंटेनर ओढायचा, चाळीस फुटी ट्रेलर. एका संध्याकाळी मला केबिनमध्ये बसवून घेऊन गेला. यार्डात दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ट्रेलर मागे घालायचा होता. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारतोय, “येऊ दे, येऊ दे…” आणि मामा स्टिअरिंग उजवीकडे फिरवतोय, तर आरशात ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे सरकतंय. मी म्हटलं, “मामा, उलटं फिरवताय.” तो आरशावरची नजर न काढता म्हणाला, “शेपूट डावीकडं न्यायची तर हात उजवीकडं. उलटं काय त्यात?”

बास. थर्ड पर्सनमधला कॅमेरा म्हणजे हीच शेपूट. तो माणसाच्या डोळ्यांत बसलेला नसतो, पाठीमागे लोंबत असतो. तुम्हाला उजवीकडचं बघायचं असेल तर कॅमेऱ्याला त्या माणसाच्या पाठीमागून डावीकडे जावं लागतं. वरचं बघायचं असेल तर कॅमेऱ्याला खाली यावं लागतं. तुर्भ्याच्या मार्केटात हातगाडीचा दांडा खाली दाबला की पुढचं तोंड वर येतं, त्या हमालाला कोणी उलट्या खोपडीचा म्हणत नाही. तुम्ही नजर फिरवता, आम्ही कॅमेरा फिरवतो. भांडण एवढंच आहे.

आणि ‘नॉर्मल’ कोणाला म्हणायचं? ‘सुपर मारिओ 64’ 1996 चा. त्यात कॅमेरा धरायला ढगावर बसलेला लाकिटू नावाचा कॅमेरामनच दिला होता, म्हणजे तुम्ही फिरवताय ते त्याला, हे उघड होतं. 1997 चा ‘गोल्डनआय’ तर फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, असूनही मुळात इन्व्हर्टेडच यायचा. 2001 च्या ‘हेलो’मध्ये सुरुवातीलाच दिव्यांकडे बघायला लावून तुमचा कल विचारून घेतात. निन्टेन्डोने 2020 मध्ये जुने तीन मारिओ एकत्र आणले, तेव्हा इन्व्हर्टचा पर्याय नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये द्यावा लागला. आमच्यासारखे मूठभर वेडेच असते तर कशाला दिला असता?

फर्स्ट पर्सनमध्ये मात्र इन्व्हर्ट करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तिथे डोळे तुमचेच असतात, शेपूट नसते. (मी तिथेही इन्व्हर्ट करतो. हात ऐकत नाही.)

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर दादा इथे येऊन लिहील. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात सुरू झालेलं या विषयावरचं संशोधन 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात निघालं की लोक जी कारणं देतात, पहिला गेम कुठला खेळलो, विमानाचे गेम खेळलो वगैरे, त्यांवरून कोण इन्व्हर्ट करेल याचा अंदाज बांधता येत नाही. डोक्यातल्या डोक्यात वस्तू फिरवून बघायला किती वेळ लागतो, त्याच्याशी जास्त संबंध दिसला. झटपट फिरवणारे इन्व्हर्ट कमी करतात. दादाने हे घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, “म्हणजे तू स्लो आहेस.” इन्व्हर्टवाले हळू असले तरी अचूकतेकडे झुकलेले दिसले, हे त्याने टाकलं नाही. ते मी टाकलं. मामाने दोघांच्याही मेसेजवर लाइकचा अंगठा टाकला.

तर माझं ट्रेलरचं कारण कदाचित मागाहून जुळवलेलं असेल. पण पटणारं आहे.

तुमचं काम सोपं आहे. पीएस फाइव्हवर दोघांचे वेगळे यूजर करा आणि प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये गेम प्रीसेट (सगळ्या गेमसाठी एकदाच ठरवून ठेवायच्या आवडी) बघा. फर्स्ट पर्सन आणि थर्ड पर्सनचं इन्व्हर्शन तिथे वेगवेगळं ठरवता येतं. काही गेम हे प्रीसेट मानत नाहीत, तिथे गेमच्या मेनूत जावं लागेल. सवय मोडण्याचं म्हणाल, तर मी कॉलेजात असताना पंधरा दिवस सरळ खेळून पाहिलं. निवांत फिरताना जमायचं, गोळीबार सुरू झाला की हात परत जुन्या वाटेला. तुमच्या रूममेटला जमेलही, पण त्याने का करावं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तो पाणी प्यायला उठला असताना सेटिंगला हात लावू नका. त्या तासाचे वीस रुपये माझ्या खाऊच्या पैशांतून गेले होते, आणि दादाने ते अजून दिलेले नाहीत.